तांडेल मॅडमचं मेदाम्ल

आमच्या तेलाच्या कंपनीत तपासणी विभागात नवीन पोरगं लागलं की मी पहिले काही दिवस त्याच्या मागे उभा राहतो. यंत्राच्या कागदावर कुठं नको तिथं रेघ उठली की ते विचारतं, "सर, हे काय आलंय?" मला राहवत नाही. मी म्हणतो, "हे काय, असं नाही विचारायचं. हा कोण, असं विचारायचं." पोरं एकमेकांकडे बघून हसतात. म्हातारा चळला, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. तांडेल मॅडमच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही त्यांच्याबद्दल असंच काहीसं वाटलं होतं.

द्वारका तांडेल आम्हाला एम.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवायच्या. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, विद्यापीठाचं नावही जुनंच होतं, आणि ते बदलावं की बदलू नये यावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. तिकडे चिकलठाण्याला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि वैजापूर-गंगापूरकडून आलेल्या आमच्यासारख्या पोरांना झोपेतही कारखान्याचे भोंगे ऐकू यायचे. सगळ्यांना लवकरात लवकर नोकरी हवी होती. आणि ह्या बाई, समुद्र नकाशातच बघायचा अशा कोरड्या ठिकाणी बसून, तिसऱ्यांमधली मेदाम्लं शोधत होत्या.

तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणाऱ्या शिंपल्या. कोकणात त्यांचं कालवण करतात. आणि मेदाम्लं म्हणजे कुठल्याही तेलाचे घटक. करडईच्या तेलात ती एका प्रमाणात असतात, खोबरेलात दुसऱ्या, माशाच्या तेलात आणखी वेगळ्या. नीट तयार केलेला थेंब यंत्रात सोडला की ती एकेक करून बाहेर पडतात आणि कागदावरचं पेन प्रत्येकासाठी एक डोंगर काढतं. कोणता डोंगर कुठं उठला, यावरून कोणतं आम्ल ते ओळखायचं. एवढं कळलं की मॅडमचं सगळं आयुष्य कळलं, असं आम्ही तेव्हा थट्टेनं म्हणायचो.

दिसायला त्या ठेंगण्या, सावळ्या, काटक. सुती साडी, पदर कायम खोचलेला. सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा त्या पाय उचलून उचलून टाकायच्या. लहानपणी खाडीच्या चिखलात चालायची सवय लागलेली, ती गेली नाही. बोलणं मात्र अगदी छापील. आपली मालवणी त्यांनी कुठंतरी खोल ठेवून दिली होती. आमच्यात कुणी "लई" म्हणालं की त्या हसायच्या, पण दुरुस्त करायच्या नाहीत.

प्रयोगशाळेत त्यांचा एकच कायदा होता. डोक्याला तेल लावून यायचं नाही. आम्हाला हा कायदा म्हणजे अपमान वाटायचा. आमच्याकडे बिनतेलाचं डोकं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडल्याची खूण. पहिल्या दिवशी आम्ही सगळे चापूनचोपून तेल लावून, भांग पाडून हजर झालो. मॅडम कुणावरही रागावल्या नाहीत. कापसाचा एकेक बोळा प्रत्येकाच्या कपाळावरून फिरवला, बाटल्यांवर नावं घातली आणि उद्या या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदांच्या पट्ट्या टेबलावर पसरल्या.

"शिंगाडे कोण?"

"मी, मॅडम."

"घरचं करडईचं तेल लावतोस. घाण्याचं."

मी गार झालो. आमच्या गावात घाणा होता आणि माय तिथूनच तेल आणायची.

"हा खोबरेल लावतो, शहरातला असणार. आणि हा," त्यांनी लासूर स्टेशनच्या एका पोराकडे बोट केलं, "हा खोबरेल लावतो आणि वरून भजी खातो."

सगळी प्रयोगशाळा हसली. मॅडमही हसल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "मी ज्याला शोधते आहे, तो तुमच्या कपाळावरच्या तेलाच्या हजाराव्या भागाएवढा आहे. तुम्ही नुसते वाकून बघितलंत तरी तो तुमच्या गर्दीत हरवेल." त्या दिवसापासून आम्ही कोरड्या डोक्यानं फिरू लागलो. वसतिगृहाच्या खानावळीतल्या मावशी विचारायच्या, "का रं, कोन गेलं?"

ज्याला त्या शोधत होत्या तो कोण, हे सांगायला हवं. त्यांच्या गावच्या खाडीतल्या तिसऱ्यांचं तेल यंत्रात सोडलं की ओळखीचे सगळे डोंगर येऊन जायचे, आणि अगदी शेवटी, कागद आता फाडावा असं वाटत असताना, एक छोटी टेकडी उठायची. पुस्तकात त्या जागी कुणीच नव्हतं. मॅडमचं म्हणणं, ते एक वेगळं आम्ल आहे, तिसरीचं स्वतःचं. विभागप्रमुखांचं म्हणणं, ती घाण आहे. "कॉलम धुवा, मॅडम," ते म्हणायचे. यंत्राच्या पोटातल्या ज्या नळीतून तेल जातं ती कॉलम. मॅडम ती धुवायच्या. टेकडी परत यायची.

ह्या तिसऱ्या त्यांच्याकडे एस.टी.नं यायच्या. देवगडच्या बाजूला, एका खाडीच्या काठावर त्यांची आई राहायची. वडील होडीवर गेले ते परत आले नव्हते, ही गोष्ट मॅडम लहान असतानाची. आई ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढायची, ओल्या गोणपाटात घट्ट बांधायची आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. तो पुण्यात दुसऱ्याच्या हवाली करायचा. थंडीच्या दिवसांत त्या जिवंत पोचायच्या. एकदा आईनं विचारलं होतं म्हणे, "ह्या काय करतंस गो द्वारके? तिसऱ्यांचा त्याल काढून कोणाक घालतलंस?" मॅडमनी हे आम्हाला सांगितलं ते एकदाच, आणि सांगताना त्यांचा आवाजच बदलला. आम्ही कान टवकारले तशा त्या परत छापील झाल्या.

गोणी आली की मी त्यांच्याबरोबर बसस्टँडवर जायचो. तिथले हमाल आम्हाला ओळखायला लागले होते. "क्या है मॅडम इसमें? बास मार रा ना!" मॅडम तिथंच फलाटावर उकिडव्या बसायच्या, गोणीचं तोंड सोडायच्या आणि एकेक तिसरी हातात घेऊन दुसरीवर हलकेच आपटायच्या. किंचित उघडी असलेली तिसरी आपटल्यावर मिटली तर जिवंत. मिटली नाही तर मेलेली, बाजूला. काही घट्ट मिटलेल्या असायच्या पण आपटल्यावर आवाज बद्द यायचा. त्यांच्या आत नुसता चिखल असतो. अशी एक जरी कालवणात गेली तरी सगळी कढई वाया, म्हणून कोकणातल्या बायका कानाला लावून निवडतात.

"मेलेल्याच्या तेलावर विश्वास ठेवायचा नाही, शिंगाडे. ते लगेच बदलतं," त्या म्हणायच्या.

एकदा मी विचारलं, "मॅडम, ह्या खायला कशा लागतात?"

त्यांनी हातातली तिसरी परत गोणीत ठेवली. "नमुना खायचा नसतो," एवढंच म्हणाल्या.

नमुना सोडूनही त्यांना खायला मिळत नव्हतं. समर्थनगरात त्या एका खोलीत भाड्यानं राहायच्या आणि मालकांची पहिली अट होती की घरात मासळी शिजवायची नाही. म्हणजे बघा, पोतंभर तिसऱ्या दर हिवाळ्यात ह्या बाईच्या हातून जायच्या, आणि संध्याकाळी ती खोलीवर जाऊन वरणभात खायची. मला ह्या गोष्टीचं तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

कुणी खोचकपणे विचारायचं, "मॅडम, समुद्राचा अभ्यास औरंगाबादेत कशाला? खाम नदीत काही सापडतं का बघा की." त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. "मुंबईच्या हवेतसुद्धा मासळीचं तेल असतं. इथं नाही. इथं माझ्या यंत्रात समुद्रातलं काही सापडलं, तर ते माझ्या गोणीतूनच आलेलं असणार." ऐकणाऱ्याला हे पटायचं. पण चहाला बोलवावं इतकं पटायचं नाही.

खंडेनवमीची गोष्ट घडली ती त्याच काळात. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. विभागातही दरवर्षी व्हायची. तराजू, भट्ट्या, पंप, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूची माळ. त्या वर्षी मॅडम सुट्टीवर गावी गेल्या होत्या. विभागातल्या सगळ्यांनी मिळून मोठ्या भक्तीनं त्यांच्या यंत्रालाही कुंकू लावलं, समोर नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. मग कुणाच्या तरी मनात आलं की यंत्र चालू करून एक थेंब सोडायचा, म्हणजे मुहूर्त होईल. सोडला. खोबरं खाल्लेल्या हातांनी.

मॅडम परत आल्या आणि पहिल्याच कागदावर सुरुवातीलाच खोबरेलाचा भलामोठा डोंगर उठला. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. झाकणाच्या फटीत कुंकू होतं. "प्रसाद खाल्लास होय रे," त्या यंत्राला म्हणाल्या आणि ते खोलून साफ करायला बसल्या. कुणावर चिडल्या नाहीत. उलट, मला वाटतं, कुणीतरी आपल्या यंत्राची पूजा केली याचं त्यांना बरंच वाटलं.

विभागप्रमुखांना मात्र आयतं कोलीत मिळालं. सगळ्या विद्यापीठांतले लोक जमले होते अशा एका बैठकीत मॅडमनी आपली टेकडी दाखवली, तेव्हा ते हसत हसत उठले आणि म्हणाले, "तांडेल मॅडमचं नवीन आम्ल म्हणजे आमच्या खंडेनवमीचा नारळ आहे." सभागृह खदखदून हसलं. मॅडम सांगत होत्या की नारळ कागदाच्या सुरुवातीला येतो, हा अगदी शेवटी आहे, दोघांची गाठ पडणंच शक्य नाही. माईक त्यांच्या हातात होता, पण हसण्यात आवाज पोचला नाही. त्यानंतर जिथं जातील तिथं "काय मॅडम, नारळ काय म्हणतो?" मला त्या लोकांचा फार राग आला होता. एवढी सरळ गोष्ट, कागद डोळ्यांसमोर, आणि बघायला कुणी तयार नाही.

त्या दिवसानंतर ती टेकडी खरी आहे हे सिद्ध करणं एवढंच त्यांच्यापुढं राहिलं. बाकी कशाला त्यांच्या लेखी किंमत उरली नाही.

पुढं नामांतराचं वातावरण जास्तच तापलं. प्राध्यापकांच्या खोलीत आधी चहाचं एक टेबल होतं, त्याची दोन झाली. मॅडमच्या आडनावावरून कुणालाच काही पत्ता लागत नव्हता. एकानं धीर करून विचारलं, "तांडेल म्हणजे तुमच्यात नक्की कोण?"

"तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य," मॅडम म्हणाल्या. "सुकाणू त्याच्याकडे असतं."

नामांतराला पाठिंबा देणारं एक पत्रक प्राध्यापकांत फिरत होतं. मॅडमनी ते पूर्ण वाचलं आणि सही केली. मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्यानं शिकायचा रस्ता मोकळा केला, त्याचं नाव शाळेला द्यायला इतका विचार कसला?" त्या सहीनंतर एका टेबलानं त्यांना नमस्कार करणं सोडलं. दुसरं टेबल आदरानं नमस्कार करायचं, पण या बसा कुणी म्हणालं नाही. त्यांचंही खरं होतं. त्यांच्या गावाकडं वस्त्या जळत होत्या, रोज कुणाची ना कुणाची वाईट खबर यायची. एका कोकणातल्या बाईला चहाला सोबत आहे की नाही हे बघायला त्यांना उसंत कुठली? मॅडम आपला चहा प्रयोगशाळेत, काचेच्या चंचुपात्रात करून प्यायला लागल्या.

अशातच बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि एस.टी. थांबली. आणि नेमकी तेव्हाच तार आली. आई गेली.

मॅडम रोज सकाळी पिशवी घेऊन बसस्टँडवर जाऊन बसायच्या. चौकशीच्या खिडकीत विचारायचं, नाही म्हणाले की बाकावर बसायचं, उन्हं चढली की परत यायचं. मी त्यांच्यासोबत जायचो. त्या एकदाच म्हणाल्या, "भावानं सगळं उरकलं असेल."

शेवटी एका सकाळी पुण्याची गाडी आली. कंडक्टर उतरला आणि त्यानं टपावरून एक गोणी खाली काढली. "मॅडम, तुमचीच हाय. नगरला अडकली हुती गाडी. लई दिस झाले." आईनं शेवटची ओहोटी साधून पाठवलेली गोणी होती ती. वासानं लोक नाकाला रुमाल लावून लांब सरकले.

मॅडम फलाटावर बसल्या. गोणीचं तोंड सोडलं. सगळ्या तिसऱ्या उघड्या पडल्या होत्या. काय झालंय ते माझ्यासारख्या वैजापूरच्या माणसालाही दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी एक उचलली आणि दुसरीवर आपटली. बाजूला ठेवली. दुसरी उचलली. आपटली. अशी सगळी गोणी त्यांनी तपासली, एकही न वगळता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, परतीची गाडी सुटायची होती. एकही मिटली नाही.

त्यांनी गोणी परत बांधली आणि माझ्या हातात दिली. "फेकू नकोस," म्हणाल्या. "पुर." आणि त्या गाडीत चढल्या.

मी ती गोणी सायकलवर बांधून लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी नेली आणि खड्डा खणून पुरली. कधीतरी कुणी संशोधक तिथं खणेल, शिंपल्या सापडतील आणि तो लिहील की एके काळी इथवर समुद्र होता. लिहू दे. अगदीच खोटं नसेल ते.

मॅडम परत आल्या तेव्हा आणखी एक खबर घेऊन आल्या. खाडीवर जेटीचं काम निघालं होतं आणि जिथं आई उतरायची ती चिखलाची पट्टीच खणून काढली होती. दुसरीकडच्या तिसऱ्या आणता आल्या असत्या, मी तसं म्हटलंही. "दुसऱ्या खाडीची तिसरी म्हणजे दुसरा प्रश्न," त्या म्हणाल्या. आता त्यांच्याकडे उरलं होतं ते आदल्या हिवाळ्यात काढून काचेच्या नळीत सील केलेलं थोडंसं तेल. चमच्याच्या तळाला लागेल इतकं. ते त्यांनी विभागाच्या फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि वीज गेली की त्या बर्फ घेऊन धावायच्या.

शेवटचा प्रयोग एकदाच करता येणार होता. त्या आम्लाच्या साखळीत दुहेरी बंध नेमके कुठं आहेत ते शोधायचं, म्हणजे साखळी ओझोननं बंधांच्या जागी तोडायची आणि तुकडे मोजायचे. तोडलं की तेल संपलं. विभागाचं यंत्र तोवर म्हातारं झालं होतं, अधूनमधून पेन स्वतःच थरथरायचं. त्याच्यावर शेवटचा थेंब सोडायची मॅडमची हिंमत होईना. अशी काही वर्षं गेली. मी चिकलठाण्याला तेलाच्या कंपनीत लागलो. भेसळ ओळखायला कंपनीनं नवंकोरं यंत्र मागवलं आणि ते माझ्या ताब्यात आलं. मी साहेबांची परवानगी काढली आणि कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी मॅडमना बोलावलं.

रिक्षातून उतरल्या तेव्हा मांडीवर स्टीलचा डबा होता, डब्यात बर्फ, बर्फात ती नळी. केस पांढरे झाले होते. ओझोन तयार करायचं उपकरण त्यांनी स्वतः जमवलं होतं, शहागंजातून निऑनच्या पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर आणून. कारखाना बंद, सगळीकडे चिडीचूप, गेटवर एकटा वॉचमन.

नळी फोडायच्या आधी मी म्हणालो, "मॅडम, थोडं मागं ठेवायचं का? आईंच्या हातचं शेवटचं आहे."

"ठेवून काय करू?" त्या म्हणाल्या. "खवट होईल."

आणि त्यांनी नळी फोडली.

पेन कागदावर सरकायला लागलं तशा त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. पहिला तुकडा आला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कडेला गोल गोल काढत साखळी मांडली. करडई, सूर्यफूल, मका, आपण खातो त्या तेलांमध्ये दुहेरी बंध जवळ जवळ असतात, मध्ये एकच घर. ह्या साखळीत एक बंध इकडे होता आणि दुसरा पार तिकडे, मधली कितीतरी घरं रिकामी. धुण्यात राहिलेली घाण अशी नसते. नारळ तर नसतोच नसतो.

"बघ, शिंगाडे," त्या म्हणाल्या. "दोघं आहेत एकाच साखळीत. फक्त लांब लांब बसलेत."

मी टाळ्या वाजवल्या. त्या रिकाम्या शेडमध्ये टाळ्या फारच एकट्या वाजल्या, म्हणून मी थांबलो.

मॅडम परत बसल्या. हातातली पेन्सिल फिरवत म्हणाल्या, "कुणाला तरी सांगायला पाहिजे रे."

"विभागप्रमुख सरांना फोन लावू का?" मी विचारलं. कंपनीत फोन होता.

"त्यांना सोमवारी सांगेन. ते ऐकून घेतील." पेन्सिल खाली ठेवत म्हणाल्या, "ऐकून घेणं वेगळं."

मी मनातल्या मनात नावं आठवत होतो. त्याही आठवत असाव्यात. भाऊ मुंबईला गेला होता आणि पत्र टाकत नव्हता. बाकी कुणाचं नाव सुचेना. एवढी हुशार बाई, एवढी मोठी गोष्ट हातात, आणि ती घेऊन जायला एक घर नाही. मी म्हणालो, "मॅडम, मुकुंदवाडीत माझी खोली आहे. माय आलीय गावाकडनं. जेवायला चला."

ती आमची शेवटची भेट ठरेल असं वाटलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात कंपनीनं मला गुजरातेतल्या कारखान्यावर पाठवलं. परत आलो तोवर मॅडम निवृत्त होऊन शहर सोडून गेल्या होत्या. कुठं, ते विभागात कुणाला सांगता आलं नाही. त्यांचा निबंध छापून आला, विद्यापीठाला नवं नाव मिळालं, ह्या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

माझी माय जन्मभर मेंढरांमागं फिरलेली. त्या संध्याकाळी तिला पाहुण्या बाईंचं गाव समुद्राकाठी आहे एवढं कळलं, आणि तिनं बाजारातून आणलेली सुकट काढली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आमच्याकडे समुद्रातलं म्हणून जे मिळतं ते तेवढंच. कांदा, लाल तिखट घालून परतली, बाजरीच्या भाकरी थापल्या. मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि पहिला घास तोंडात घालून थांबल्या.

"लई तिखट झालं का, बाई?" मायनं विचारलं.

"नाही, नाही. छान झालंय." आणि त्या जेवायला लागल्या. मी त्यांना असं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. बोटं चाटून जेवत होत्या.

माय भाकरी वाढता वाढता म्हणाली, "पोरगं म्हनतं, तुमी आज लई मोठं काम केलं. काय केलं?"

मॅडमनी छापील मराठीत सुरुवात केली. "असं आहे, की काही सागरी प्राण्यांमध्ये..." आणि अडखळल्या. मायच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग जे बोलल्या त्याला मी तयार नव्हतो.

"आमच्या खाडयेतल्या तिसऱ्यांत एक येगळाच त्याल आसा. सगळे म्हणत, ती घाण. मी म्हणा, घाण नाय, ता तिचाच आसा. आज खरा झाला."

"म्हंजी तुमी खोटं बोलतच नव्हत्या."

"नाय."

"मंग तुमच्या मायला कळवलं का? तिला लई आनंद व्हईल."

मॅडमच्या आईबद्दल मायला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मॅडमनी ताटातली सुकट बोटानं एका बाजूला सारली. "नाय गे," त्या म्हणाल्या. "म्हणान तुका सांगतंय."

मायला मालवणी येत नाही. पण तिला कळलं. तव्यावरची भाकरी तिनं तशीच राहू दिली, पदराला हात पुसले, मॅडमच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. परीक्षेत पास झालेल्या लेकरासाठी मोडतात तशी. मग तिथंच त्यांच्यासमोर बसकण मारून म्हणाली, "आता सांगा. पयल्यापासून."

भाकरी करपायला लागली होती, मी उठून तवा उतरवला आणि पाणी आणायला बाहेर गेलो. परत आलो तर मॅडम मालवणीत भरभर बोलत होत्या, हातवारे करत होत्या, हवेत टेकड्या काढत होत्या. आणि माय त्यातलं अर्धंही कळत नसताना, त्यांच्या तोंडावरची नजर न काढता, दर वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होती.